चेंडू न येणाऱ्या डावांची कारकीर्द : वाइड रिसीव्हरविषयीच्या एका प्रश्नाचे उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या एका हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणारा खेळाडू, म्हणून खेळतो, चेंडू सहसा सोडत नाही, पण चाळीस यार्डांच्या धावेत इतर रिसीव्हरांच्या मागे पडतो. अशा मुलाने या जागेवर पुढे जाण्याची आशा धरावी का, ही कारकीर्द किती वर्षे टिकते, आणि आता त्याने नेमकी कशावर मेहनत घ्यावी, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी गेली एकोणीस वर्षे कॅलिफोर्नियात हायस्कूलच्या मुलांना हीच जागा शिकवत आहे. हा प्रश्न दर हंगामात कोणी ना कोणी पालक मला विचारतात आणि बहुतेक वेळा त्यांचे लक्ष घड्याळातल्या त्या आकड्यावर खिळलेले असते. त्यामुळे उत्तराची सुरुवात मी वेगळ्या आकड्यापासून करतो.

जेरी राइस हा या जागेवरचा आजवरचा सर्वांत यशस्वी खेळाडू. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या वीस हंगामांत तो ३०३ सामने खेळला आणि त्याने १,५४९ झेल घेतले. भागाकार केला तर सामन्याला सरासरी पाचाहून किंचित जास्त झेल होतात. एका सामन्यात आक्रमण करणारा संघ साधारण साठ ते पासष्ट डाव खेळतो. इथे डाव म्हणजे चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतची एक चाल. काही डावांत तो मैदानाबाहेर बसला असेल आणि काही चेंडू त्याच्याकडे येऊनही हुकले असतील, हे जमेस धरले, तरी सामन्यातल्या चाळीस-पंचेचाळीस डावांत या सर्वश्रेष्ठ खेळाडूच्या हाताला चेंडू लागतच नव्हता. त्या डावांत तो काय करत होता, या प्रश्नाच्या उत्तरातच रिसीव्हरची कारकीर्द सामावलेली आहे, असे माझे ठाम मत आहे. झेल सगळ्यांना दिसतो. मात्र पुढच्या वर्षी मुलगा संघात राहील की नाही, हे प्रशिक्षक उरलेले डाव पाहून ठरवतात.

राइसचेच उदाहरण पुढे नेतो, कारण त्याच्यावरही आपल्या मुलासारखाच आक्षेप घेतला गेला होता. त्याचा जन्म १९६२ सालचा, मिसिसिपी राज्यातला. क्रॉफर्ड नावाच्या लहानशा गावात तो वाढला. वडील गवंडी होते. उन्हाळ्यात मुले त्यांच्या हाताखाली काम करत, भाऊ खालून विटा फेकत आणि जेरी वर उभा राहून त्या झेलत असे. त्याच्या हातांचे रहस्य म्हणून ही गोष्ट फार सांगितली जाते. ती खरी आहे, पण मला त्यातला वेगळा भाग महत्त्वाचा वाटतो. वीट झेलताना हात ताठ ठेवून चालत नाही, ते विटेबरोबर थोडे मागे न्यावे लागतात, नाहीतर बोटे सोलून निघतात. क्रिकेटमध्ये स्लिपला उभ्या राहणाऱ्याला आपण हात मऊ ठेवायला सांगतो, तेच हे. हा गुण आपल्या मुलात आधीच दिसतो आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

मोठ्या विद्यापीठांनी राइसकडे लक्ष दिले नाही. तो इटा बेना गावच्या मिसिसिपी व्हॅली स्टेट युनिव्हर्सिटीत गेला. हे प्रामुख्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे छोटे विद्यापीठ आहे. तेथील प्रशिक्षक आर्ची कूली यांनी त्या काळात धाडसाची वाटावी अशी पद्धत अवलंबली होती. डावाआधी घोळका करून ठरवाठरवी करायची नाही, चार-चार रिसीव्हर एकाच बाजूला उभे करायचे आणि क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, विली टॉटन याने जवळजवळ प्रत्येक डावात चेंडू फेकायचा. १९८४ च्या हंगामात राइसने २७ टचडाउन झेल, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचून गुण मिळवून देणारे झेल, घेतले आणि त्या संघाने सामन्याला सरासरी साठच्या आसपास गुण केले. आज तिथल्या स्टेडियमला राइस आणि टॉटन या दोघांचीही नावे आहेत. रिसीव्हरचे नाव क्वार्टरबॅकच्या नावाला जोडूनच घेतले जावे, हे मला अगदी योग्य वाटते.

तरीही व्यावसायिक संघांच्या निरीक्षकांना दोन शंका होत्या. एक, लहान विद्यापीठातल्या कच्च्या प्रतिस्पर्ध्यांपुढे केलेली कामगिरी कितपत खरी मानायची? आणि दोन, हा मुलगा सरळ धावेत फारसा वेगवान नाही. सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनच्या हॉटेलात, सामन्याच्या आदल्या रात्री, दूरचित्रवाणीवर त्याचे काही झेल पाहिले आणि ते त्यांच्या मनात घर करून राहिले. १९८५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, फोर्टी-नाइनर्सची पाळी पहिल्या फेरीच्या शेवटी होती. वॉल्श यांनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सशी अदलाबदल करून सोळावी पाळी मिळवली आणि राइसला घेतले. त्याच्या आधी त्या वर्षी अल टून आणि एडी ब्राउन हे दोन रिसीव्हर निवडले गेले होते.

वॉल्श यांना त्याच्यात काय दिसले, हे समजण्यासाठी त्यांच्या आक्रमणाची रीत समजून घ्यावी लागते. ती वेळेवर चालणारी रीत होती. क्वार्टरबॅक तीन किंवा पाच पावले मागे येतो आणि शेवटचे पाऊल टेकताच चेंडू सोडतो. त्या क्षणी रिसीव्हर वळलेलाही नसतो. चेंडू रिकाम्या जागेकडे जातो आणि रिसीव्हरने तिथे, त्याच क्षणी, पोहोचायचे असते. तो अर्धा यार्ड इकडे-तिकडे झाला किंवा पाव सेकंद उशिरा आला, तर तोच चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात जातो. अशा रीतीत चाळीस यार्ड सरळ धावण्याच्या वेगाला मर्यादित किंमत असते. दहाव्या यार्डावर पूर्ण वेगात असताना शरीर थांबवून नव्वद अंशांत वळवता येते का, आणि ते दर वेळी त्याच दहाव्या यार्डावर जमते का, हे तिथे पाहिले जाते.

इथे मी थोडा थांबतो, कारण आपल्या मुलाला यापुढे जे काम करायचे आहे ते इथेच आहे.

रिसीव्हर ज्या मार्गाने धावतो त्याला रूट म्हणतात. मूळ रूट नऊ-दहाच आहेत. तीन पावलांनंतर आत तिरके कापणारा स्लँट, ठरलेल्या अंतरावर जाऊन मागे फिरणारा कर्ल, बाहेरच्या रेषेकडे वळणारा आउट, खोलवर जाऊन गोलपोस्टच्या दिशेने झुकणारा पोस्ट, कोपऱ्याकडे झुकणारा कॉर्नर आणि सरळ धावत सुटणारा गो हे त्यांतले मुख्य. रूट पाठ करायला एक आठवडा पुरतो. ते सगळे सुरुवातीला एकसारखे दिसतील असे धावायला मात्र अनेक वर्षे लागतात. समोरचा कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला रोखणारा बचावपटू, रिसीव्हरचा चेहरा पाहत नाही. तो कंबर पाहतो, कारण खांदे आणि डोळे खोटे बोलू शकतात, कंबरेला ते जमत नाही. स्लँट धावणारा मुलगा पहिल्या पावलाला अर्धवट आणि गो धावणारा पूर्ण जोराने निघत असेल, तर चांगला कॉर्नरबॅक दुसऱ्याच पावलाला डाव ओळखतो. राइसची पहिली चार-पाच पावले प्रत्येक रूटला सारखीच असत, आणि त्याच्याकडे चेंडू येणार नसलेल्या डावातही ती तशीच असत. त्यामुळे संपूर्ण सामन्यात कॉर्नरबॅकला त्याच्याविषयी काहीच कळत नसे. चेंडू न येणारे डाव महत्त्वाचे का, याचे पहिले कारण हे आहे. त्या डावांत केलेली कुचराई प्रतिस्पर्धी लक्षात ठेवतो आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या, सत्रात वापरतो.

दुसरी गोष्ट वळण्याची. मी शाळेत असताना खो-खो खेळलो आहे. खांबाजवळ वजन खाली न नेता वळू पाहणारा खेळाडू दोन पावले पुढे वाहून जातो आणि तेवढ्यात पळणारा निसटतो. रिसीव्हरचेही तसेच आहे. वळण्याआधीच्या दोन पावलांत कंबर खाली आली पाहिजे, छाती गुडघ्यांच्या वर राहिली पाहिजे आणि बाहेरचा पाय शरीराखालीच पडला पाहिजे. मुले तो पाय दूर टाकतात, मग घसरतात आणि बुटांना दोष देतात. थांबण्याची ताकद ही मांड्यांच्या आणि नितंबांच्या स्नायूंची ताकद आहे. ती व्यायामाने वाढते. जन्मजात वेग फारसा वाढत नाही, थांबणे मात्र शिकता येते, म्हणून कमी वेगाच्या मुलाने आपली सगळी मेहनत तिथे घालावी.

तिसरी गोष्ट सुटकेची, म्हणजे डाव सुरू होताच समोर उभा असलेला कॉर्नरबॅक छातीवर हात देऊन अडवतो, त्यातून निसटण्याची. १९७८ पासून एनएफएलमध्ये पहिल्या पाच यार्डांपुढे रिसीव्हरला असे अडवता येत नाही. आजचे चेंडू फेकण्यावर उभे असलेले फुटबॉल या नियमामुळे शक्य झाले. परंतु ते पाच यार्ड झटापटीचे राहतातच आणि तिथे हुलकावणी पायांनी द्यायची असते, हातांनी केवळ समोरच्याचे हात बाजूला सारायचे असतात. हायस्कूलमध्ये अनेक मुले उलटे करतात. खांदे नाचवतात, पाय जागचे हलत नाहीत आणि तोवर क्वार्टरबॅकची तीन पावले संपलेली असतात.

आता राइसच्या पहिल्या हंगामाकडे वळतो. मुलांना हा भाग मी मुद्दाम सांगतो. १९८५ मध्ये त्याच्या हातून चेंडू सुटू लागले, सोपे चेंडू सुटू लागले आणि घरच्या मैदानावर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. विटा झेलणाऱ्या हातांना काय झाले होते? हातांना काहीच झाले नव्हते. वॉल्श यांची डावांची वही जाडजूड होती, एकेका डावात बचावाच्या रचनेनुसार रूट बदलावा लागे, आणि चेंडू येत असताना त्याचे मन अजून मागच्या निर्णयावर किंवा पुढच्या धावेवर असे. नजर शेवटच्या क्षणी चेंडूवरून उडाली की झेल सुटतो. व्हॅली स्टेटमध्ये जे विचार न करता घडत होते, तिथे विचार आड येऊ लागला. डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध सोमवारी रात्रीच्या सामन्यात त्याने १० झेल आणि त्यांवर २४१ यार्डांची आगेकूच मिळवली. संघ तो सामना हरला, पण राइसची गाठ सुटली. हंगामाअखेर त्याच्या नावावर ४९ झेल आणि ९२७ यार्ड होते. पुढच्याच वर्षी ८६ झेल, १,५७० यार्ड आणि १५ टचडाउन झाले. एखाद्या हंगामात हात अचानक बिघडल्यासारखे वाटले, तर कारण बहुधा डोक्यात असते आणि उपाय डावांची वही इतकी पाठ करण्यात असतो की मैदानात ती आठवावी लागू नये. मुलाला रागावून किंवा रोज शंभर झेल जास्त घ्यायला लावून ते सुधारत नाही, हे मी स्वतः प्रशिक्षक म्हणून चुकत शिकलो आहे.

१९८७ साली खेळाडूंच्या संपामुळे हंगाम तुटक झाला. राइस बारा सामने खेळला आणि त्यांत त्याने २२ टचडाउन झेल घेतले. त्या वर्षी त्याच्या खालोखाल असलेल्या रिसीव्हरचे ११ होते. हा विक्रम २००७ पर्यंत टिकला. रँडी मॉसने २३ घेतले, पण त्यासाठी त्याला सोळा सामने मिळाले होते. मॉसचा वेग आणि उडी यांची तुलना कोणाशीच नाही, आणि ज्या मुलाकडे ते दान आहे त्याने खुशाल मॉसकडे पाहावे. आपल्या मुलाने राइसकडे पाहावे.

जानेवारी १९८९ मधला तेविसावा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, मायामीत झाला. सिनसिनाटी बेंगाल्सविरुद्ध राइसने ११ झेल आणि २१५ यार्ड मिळवले आणि तो सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. शेवटच्या तीन मिनिटांत फोर्टी-नाइनर्स तीन गुणांनी मागे होते आणि चेंडू त्यांच्याच आठ यार्डांच्या रेषेवर होता. जो मोंटॅनाने संघ ९२ यार्ड पुढे नेला आणि त्या वाटचालीत राइसचे तीन मोठे झेल होते. पण ३४ सेकंद उरले असताना विजयाचा टचडाउन कोणी केला? जॉन टेलरने, आणि त्या सामन्यातला तो त्याचा एकमेव झेल होता. संपूर्ण बेंगाल्स बचाव राइसवर डोळा ठेवून होता. सामन्यातला सर्वांत मोलाचा डाव राइसकडे चेंडू न येता यशस्वी झाला आणि त्या यशात त्याचा वाटा होता. मुलांना मी ही चित्रफीत दाखवतो आणि चेंडूकडे न पाहता राइसच्या ८० क्रमांकाकडे पाहायला सांगतो.

त्याच्या मेहनतीच्या कथा अनेक आहेत. त्यांतल्या दोन मी खात्रीने सांगतो, कारण त्या अनेकांच्या डोळ्यांदेखत घडल्या. सरावात पाच यार्डांचा झेल घेतला तरी तो थेट शेवटच्या रेषेपर्यंत पूर्ण वेगात धावत जाई आणि मगच परतत असे. आणि हंगाम नसताना सॅन कार्लोसच्या एजवुड पार्कमधली अडीच मैलांची चढण तो नियमाने धावत असे. सहकारी रॉजर क्रेगही त्याच्यासोबत असे. ती टेकडी आपल्यापासून फार लांब नसावी. मी मुलांना वर्षातून एकदा तिथे नेतो. शेवटच्या टप्प्यातली चढण अंगावर येते आणि तिथे पोहोचल्यावर बहुतेक मुले बोलायची थांबतात. चढण धावल्याने गुडघ्यांवर उताराचा मार बसत नाही आणि चौथ्या सत्रात पाय हलके राहतात, म्हणून तिचा उपयोग आहे. थकलेला रिसीव्हर आधी वळणे गोल करतो, झेल नंतर सोडतो.

दुखापतीविषयी आपण विचारलेले नाही, तरी ते सांगितल्याशिवाय कारकिर्दीचे चित्र पूर्ण होत नाही. बारा वर्षे राइस दुखापतीमुळे एकाही सामन्याला मुकला नव्हता. १९९७ च्या पहिल्याच सामन्यात, टॅम्पा बे येथे, मागून फेसमास्क, म्हणजे हेल्मेटची पुढची जाळी, धरून पाडले गेल्याने त्याच्या डाव्या गुडघ्याचा मुख्य लिगामेंट फाटला. साडेतीन महिन्यांत, डिसेंबरच्या मध्यावर, तो पुन्हा मैदानात उतरला, त्याने टचडाउन झेलला आणि त्याच झेलानंतर पडताना त्याची गुडघ्याची वाटी फुटली. आज अशा शस्त्रक्रियेनंतर निदान नऊ महिने थांबायला सांगतात. राइसची जिद्द कौतुकास्पद होती, पण त्या डिसेंबरचे अनुकरण कोणाही मुलाने करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पुढच्या हंगामात, पूर्ण बरा होऊन, त्याने पुन्हा हजार यार्डांचा टप्पा ओलांडला. म्हणजे थांबल्याने त्याचे काहीच गेले नसते.

डोक्याच्या मारासंबंधी पालक म्हणून आपण जागरूक असावे. मैदानाच्या मध्यभागी झेल घेणारा रिसीव्हर चेंडूकडे पाहत असतो आणि येणारा धक्का त्याला दिसत नाही. म्हणून अशा असुरक्षित खेळाडूच्या डोक्यावर किंवा मानेवर आघात करण्यास आता मनाई आहे. कॅलिफोर्नियात २०१५ पासून हायस्कूलच्या हंगामात आठवड्याला पूर्ण धडकेचे दोनच सराव घेता येतात आणि प्रत्येकाला ९० मिनिटांची मर्यादा आहे. मेंदूला धक्का बसल्याचा संशय आला तर खेळाडूला त्या दिवशी परत खेळवता येत नाही आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीनंतरही टप्प्याटप्प्यानेच आणावे लागते. मुलाच्या शाळेत हे पाळले जाते का, हे प्रशिक्षकांना सरळ विचारा. चांगल्या प्रशिक्षकाला या प्रश्नाचा राग येत नाही. आणि मुलाला हे सांगून ठेवा की चक्कर किंवा डोकेदुखी लपवणे म्हणजे शौर्य नव्हे.

कारकीर्द किती टिकते, या प्रश्नाचे सरळ उत्तर कडू आहे. एनएफएलमधल्या खेळाडूची सरासरी कारकीर्द तीन वर्षांच्या आसपास असते. तिथवर पोहोचणारेही मोजकेच. देशात सुमारे दहा लाख मुले हायस्कूल फुटबॉल खेळतात, त्यांतली शंभरात सहा-सात महाविद्यालयीन संघांत जातात आणि महाविद्यालयीन खेळाडूंपैकी शंभरात दोनसुद्धा व्यावसायिक होत नाहीत. नवख्या खेळाडूचा ड्राफ्टमधला करार चार वर्षांचा असतो, पण त्यातली मोठी रक्कम बहुतेकांना हमीची नसते. उन्हाळी सरावातच वगळलेल्या खेळाडूला जवळजवळ काहीच मिळत नाही. म्हणून महाविद्यालयीन शिष्यवृत्ती आणि तीतून मिळणारी पदवी हे आपल्या घराने डोळ्यांसमोर ठेवायचे पहिले फळ आहे. त्यासाठी नवव्या इयत्तेपासूनचे गुण मोजले जातात. दहावीत झोपलेला विद्यार्थी बारावीत कितीही चांगला खेळला, तरी काही दारे त्याला बंद झालेली असतात.

मंद म्हणून मागे ठेवलेल्यांची वाट मात्र खरोखर आहे. कूपर कप याला हायस्कूलनंतर मोठ्या विद्यापीठांनी विचारले नाही. तो ईस्टर्न वॉशिंग्टनमध्ये खेळला, निवड चाचणीत चाळीस यार्डांना त्याला ४.६२ सेकंद लागले, जे त्याच्या जागेसाठी संथ मानले जाते, आणि २०१७ मध्ये तिसऱ्या फेरीत रॅम्सने त्याला घेतले. २०२१ च्या हंगामात झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्ही यादींत तो पहिला होता. १४५ झेल, १,९४७ यार्ड, १६ टचडाउन. त्याच हंगामाच्या सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. वेस वेल्कर आणि ॲडम थीलन यांना तर ड्राफ्टमध्ये कोणी निवडलेच नव्हते, तरी दोघांनीही दहा वर्षांहून अधिक काळ व्यावसायिक फुटबॉल खेळले. या तिघांच्या चित्रफिती पाहिल्या की एक गोष्ट लगेच दिसते. धावण्याचा डाव असताना ते समोरच्याला मनापासून ब्लॉक करतात, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या सहकाऱ्यासाठी अंगाने अडवून धरतात. प्रशिक्षक अशा मुलाला मैदानाबाहेर काढत नाहीत आणि मैदानात राहणाऱ्यालाच कधीतरी चेंडू मिळतो.

राइसचा उत्तरार्ध मला त्याच्या ऐन भरापेक्षाही अधिक शिकवून गेला. डिसेंबर २००० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानावर घरच्या प्रेक्षकांनी त्याला निरोप दिला. त्याच सामन्यात टेरेल ओवेन्स या त्याच्या तरुण सहकाऱ्याने २० झेल घेतले आणि विक्रम केला. राइसची जागा कोणाकडे चालली आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसले. राइस खाडीपलीकडे ओकलँड रेडर्सकडे गेला. तिथे २००२ च्या हंगामात, वयाची चाळिशी त्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण होत असताना, त्याने ९२ झेल आणि १,२११ यार्ड मिळवले. चाळिशीच्या माणसाचे पाय विशीतल्या कॉर्नरबॅकला मागे टाकत नाहीत. पण वळण त्याच यार्डावर पडते, पहिली पावले तशीच खोटी असतात आणि चेंडू फेकणारा रिच गॅनन डोळे मिटून त्या जागी चेंडू सोडू शकतो. वेग गेल्यावर जे उरले, त्यावर त्याने सुपर बोलपर्यंतचा हंगाम काढला.

पुढे २००४ मध्ये, सलग २७४ सामन्यांत निदान एक झेल घेण्याची त्याची मालिका खंडित झाली. हंगामाच्या मध्यात तो सिॲटलला गेला. २००५ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजच्या सराव शिबिरात त्याला कळले की आपली जागा चौथ्या रिसीव्हरची असेल आणि हंगाम सुरू होण्याआधी तो निवृत्त झाला. एकूण २२,८९५ यार्ड झाले होते. यादीत दुसरा असलेला लॅरी फिट्झगेराल्ड १७,४९२ वर थांबला. तो सतरा हंगाम खेळला आणि तोही शेवटी शेवटी वेगापेक्षा जागेच्या जाणिवेवर आणि ब्लॉकिंगवर खेळत होता.

आता आपल्या मुलाच्या या हिवाळ्याविषयी. आठवड्यातून तीन दिवस पायांच्या ताकदीचा व्यायाम असावा, तोही जाणकाराच्या देखरेखीखाली. दोन दिवस फक्त स्लँट, कर्ल आणि आउट हे तीन रूट, चेंडूशिवाय. यार्डाच्या खुणा आखून, कोणाला तरी बाजूने मोबाइलवर चित्रण करायला सांगून, वळण दर वेळी त्याच खुणेवर पडते का ते पाहावे. सुरुवातीला पडणार नाही. पंधरा वर्षांच्या मुलाचा वेग अजून पुढची दोन-तीन वर्षे शरीराबरोबर आपोआप बदलेल, म्हणून स्टॉपवॉच तूर्तास कपाटात ठेवावे. आपल्या शाळेच्या क्वार्टरबॅकशी त्याने मैत्री करावी आणि शनिवारी सकाळी दोघांनी मैदानावर एकत्र जावे. डावांच्या वहीत फक्त आपला रूट न शिकता शेजारच्या दोन रिसीव्हरांचे रूटही शिकावे. दुखापतीने कोणी बाहेर गेले की त्या जागेवर उभे राहू शकणाऱ्या मुलालाच आधी बोलावले जाते.

आपण लिहिले आहे की त्याच्या उत्तम झेलांची चित्रफीत तयार आहे आणि ती मी पाहावी अशी आपली इच्छा आहे. मी जरूर पाहीन. पण तिच्यासोबत मागच्या हंगामातल्या कोणत्याही एका सामन्याचे असे वीस डाव पाठवा, ज्यांत चेंडू त्याच्याकडे आला नाही. शक्य झाल्यास दुसऱ्या अर्धातले पाठवा आणि संघ हरत असलेला सामना निवडा. ते पाहून मी आपल्याला अधिक नेमके काही सांगू शकेन.